गज हातात असताना

टकळीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटाबाहेर कुठेच उरलं नव्हतं. घरात टकळी, गल्लीत टकळी, आणि एकदा तर वर्गात बाईंच्याही तोंडून "टकळी" निघून गेलं, तेव्हा हिने खुशाल "हजर!" म्हणून टाकलं. तोंड म्हणून मिटायचं नाही पोरीचं. दात घासताना बोलायची, म्हणून आरशावर कायम पांढरे ठिपके. जेवताना बोलायची, म्हणून तिचं ताट सगळ्यांच्या शेवटी उचललं जायचं. आई म्हणायची, "अगं, श्वास कधी घेतेस तू? की तोही माझ्याच वाटचा घेतेस?"

आणि अशा पोरीला हवं काय होतं? तर जगातलं सगळ्यात गुपचूप काम.

तिचे बाबा पक्ष्यांत पेंढा भरायचे. खरं तर कापूस भरायचे, पण लोक पेंढेवालेच म्हणत. शाळा-कॉलेजांतल्या काचेच्या कपाटांत जे पक्षी मुलांकडे टक लावून बघत उभे असतात ना, त्यांतले कितीतरी बाबांच्या हातचे. घराच्या मागच्या खोलीत खिडकीशी एक लांब टेबल होतं. त्यावर पातळ पात्याच्या सुऱ्या, चिमटे, लाकडाच्या भुशाचा डबा, तारेची गुंडाळी, आणि छोट्या छोट्या खणांत काचेचे डोळे. चिमणीचे मोहरीएवढे, घुबडाचे बोराएवढे. शेवटच्या खणाला कुलूप, कारण त्यात विषारी साबण. तो कातड्याला आतून लावला की पन्नास वर्षं किडा जवळ येत नाही, आणि माणसाने चुकून बोट चाटलं तर माणूसही फार दिवस राहत नाही. (हा बाबांचा विनोद. पाहुण्यांच्या हातात चहा दिल्यावर हमखास सांगायचे.)

दारामागे, उंच खुंटीवर, करंगळी.

करंगळी म्हणजे बंदूक. ठासणीची; काडतूस-बिडतूस काही नाही, सगळं तोंडातून भरायचं. नळी इतकी अरुंद की आत जेमतेम करंगळी जाईल, म्हणून ते नाव. मोठ्या बंदुकीने छोटा पक्षी मारला तर हातात पिसांच्या चिंध्या येतात. बाबांना हवं असायचं अख्खं कातडं. म्हणून चिमूटभर दारू, खसखशीएवढे छरे, आणि दहा-बारा पावलांवरून एकच बार. पक्षी असा पडला पाहिजे, की जणू डुलकी लागली आणि फांदीवरून घसरला.

भरायचं कसं, तर आधी मापट्याने दारू, वर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची चकती, ती गजाने खाली ठासायची. मग छरे, वर कागदाचा बोळा, पुन्हा ठासायचं. गज नळीखालच्या खाचेत परत सरकवायचा आणि अगदी शेवटी घोड्याखाली टोपी बसवायची, तांब्याची, नखाएवढी; तिच्यावर घोडा आपटला की ठिणगी पडून बार उडतो. ह्याला घरात एक नियम होता, बाबांच्या बाबांपासून चालत आलेला. ज्याच्या हातात गज आहे त्याच्याशी बोलायचं नाही. घराला आग लागली तरी आधी गज जागेवर जाऊ द्यायचा, मग ओरडायचं. बोलण्याच्या नादात माणूस मोजायला चुकतो, आणि करंगळीची नळी पातळ. तिला चूक सोसत नाही.

"नियम सगळ्या घराण्याचा आहे," टकळी म्हणायची, "पण त्रास मात्र मला एकटीलाच."

वर्षभर तिने परसात डबे पाडले, मग काड्यापेट्या, मग दोरीला टांगलेली बटणं. दहातली नऊ बटणं उडायची. तरी बाबांनी तिला पक्ष्यावर बंदूक धरू दिली नव्हती, आणि टेबलावरच्या सुरीला तर हातही नाही.

"नेम आहे तुझा," बाबा म्हणाले. "जिभेवर ताबा नाही. सुट्टीत मामाच्या मुलाला बोलावतोय. त्याला शिकवीन. तो गप्प असतो."

"तो गप्प असतो कारण त्याला काही सुचत नाही, बाबा! त्याला तुम्ही 'कसा आहेस' विचारलं तर तो आधी घरी जाऊन विचारून येतो!"

आई तोंडाला पदर लावून हसली. बाबांना हसू आलं नाही. हल्ली त्यांना पटकन हसू यायचंच नाही. परवा तिला टेबलावर एक मैना सापडली होती. तिच्या एकाच पायाला दोन चिठ्ठ्या बांधलेल्या, दोन्हींवर तीच तारीख, तेच अक्षर. "बाबा, ही मैना दोनदा मेली का?" असं तिने विचारलं, तेव्हाही ते हसले नव्हते. एक चिठ्ठी कापून त्यांनी खिशात घातली होती.

कॉलेजला खंड्याची जोडी हवी होती. परवाना आला होता, एक नर, एक मादी. बाबांनी नळी पुसता पुसता सांगितलं, "उद्या तू चल. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत एक शब्द काढायचा नाही. जमलं तर पुढचा पक्षी तुझा आणि टेबलही तुझं. नाही जमलं तर मामाला फोन करतो."

"शिंक आली तर?"

"शिंक म्हणजे शब्द नव्हे."

"आणि उचकी?"

"टकळे."

"बरं बरं. आत्ता बोलून घेते, उद्याचं."

सकाळी आठ वाजता दोघं नदीच्या वळणावर, उंच गवतात बसले होते. समोर पाण्यावर झुकलेली एक वाळकी फांदी होती. त्याच फांदीवरून खंड्या पाण्यात सूर मारतो हे बाबांनी तीन दिवस येऊन हेरलं होतं. टकळीने ओठ दातांखाली धरले होते. पोटात नुसती वाक्यांची गर्दी झाली होती. गवत कानात जातंय. त्या बेडकाचं तोंड आपल्या गणिताच्या सरांसारखं आहे. पाय मेला. सगळं तिने गिळलं.

नर आला. निळी रेघ ओढल्यासारखा आला आणि फांदीवर बसला. करंगळीचा आवाज असा काही मोठा नसतो, कुणीतरी दार आपटलं एवढाच. धूर विरला तेव्हा फांदी मोकळी होती.

तिने चिखलातून जाऊन तो उचलला. मेला नव्हता. मुठीत गरम, आणि डोळा उघडा. बाबांनी खुणेने दाखवलं: अंगठा आणि बोट, पंखांच्या खाली, छातीच्या दोन्ही बाजूंनी, दाब. मान मुरगाळायची नाही, पिसं बिघडतात. तिने दाबलं. बोटाखाली त्याचं काळीज इतक्या भराभर चाललं होतं की ठोके वेगळे करता येईनात. मग वेगळे करता येऊ लागले. मग एक. मग बराच वेळ काही नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाणी म्हणजेही शब्द नव्हे, म्हणून तिने ते येऊ दिलं. बाबांनी चोचीत कापसाचा बोळा घातला, कागदाची पुंगळी करून पक्षी डोक्याकडून आत सरकवला आणि तिच्या पाठीवर थाप मारली. शाबास, अशी.

लगेच त्यांनी करंगळी पुन्हा भरली. दारू, चकती, गज. छरे, बोळा, गज. गजावर एके ठिकाणी लाल दोरा गुंडाळलेला होता. एक बार नीट ठासला की तो दोरा बरोबर नळीच्या तोंडाशी येतो. आला. गज जागेवर गेला. टोपी बसली.

मादी काही येईना. ऊन चढलं. पाऊण तासाने बाबांनी टोपी काढून खिशात ठेवली. वाट बघणं लांबलं की ते तसं करायचेच, उगाच कुठे गवतात घोडा अडकायला नको. अजून अर्धा तास गेला. बाबा नदीकडे बघत होते, पण काहीच न बघितल्यासारखे.

मग त्यांनी दारू ठेवायचं शिंग उचललं. मापटं भरलं. नळीत ओतलं.

टकळीला आधी वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. तिने मनात सगळं उलटं लावून बघितलं. नर पडला, मग भरली, दोरा तोंडाशी आला, टोपी, मग टोपी खिशात. मध्ये बार झालेला नाही. ती स्वतः जागची हललेली नाही. बाबा चकती घालत होते. गज त्यांच्या हातात आला होता.

तिने त्यांच्या कोपराला हात लावला.

बाबांनी मान वळवून बघितलं. हातात गज असताना कुणी हात लावला की ते बघायचे तसं. त्या नजरेचा अर्थ तिला पाठ होता: हेच, ह्याचसाठी तुला नको म्हणतो. तिचा हात आपोआप मागे आला.

छरे. बोळा. गज आत गेला आणि थांबला. लाल दोरा नळीच्या तोंडापासून चांगला चार बोटं वर राहिला. बाबांनी दोऱ्याकडे बघायला हवं होतं, पण नेमका तेव्हाच पाण्यावरून दुसरा निळा ठिपका आला आणि फांदीवर बसला. मादी. खालची चोच तांबूस, इतक्या लांबूनही दिसत होती. बाबांनी गज हळूच नळीखालच्या खाचेत सरकवला, खिशातून टोपी काढली आणि बसवली.

आता गज जागेवर होता. आता बोलायला कुणाची हरकत नव्हती. टकळीने तोंड उघडलं. एवढंच म्हणायचं होतं, बाबा, भरलेली होती. पण बोललं तर मादी उडणार. परीक्षा संपली, नापास. पुढच्या महिन्यात खिडकीशी मामाचा मुलगा. आणि बाबांना नसेल का माहीत? चाळीस वर्षं बंदूक भरणाऱ्या माणसाला मी सांगणार? मादी लांब बसली तर, म्हणून मुद्दाम जास्त घातली असेल.

तिने तोंड मिटलं.

आवाज दार आपटल्यासारखा नव्हता. पत्रा फाटल्यासारखा होता. धुरात तिला बाबा दिसले ते मांडी घालून बसलेले, आणि डावा हात असा समोर धरलेला, जणू दुसऱ्याच कुणाची वस्तू चुकून त्यांच्याकडे आलीय आणि ती परत कुणाला द्यायची तेच त्यांना कळत नाहीये.

तेव्हा ती बोलली, आणि मग थांबलीच नाही. ओढणी फाडून मनगटाशी आवळताना बोलत होती, त्यांना खांद्याला धरून रस्त्यापर्यंत आणताना बोलत होती, दुधाच्या गाडीवाल्याला आडवी होऊन बोलत होती. इस्पितळाच्या दारात पोचेपर्यंत तिचा आवाज बसला होता. काय काय बोलली ते तिला आठवत नाही. एवढं नक्की की जे बोलायचं होतं ते त्यात कुठेच नव्हतं.

डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली. डोळे वाचले. डॉक्टर म्हणाले, नशीब. आई भिंतीला टेकून म्हणाली, "हो, नशीबच," आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशी बाबा शुद्धीत नीट बोलायला लागले. त्यांनी टकळीला जवळ बोलावलं. चेहऱ्यावर बारीक काळे डाग उठले होते.

"जमलं तुला," ते म्हणाले. "एक शब्द नाही काढलास. मादीलाही कळलं नाही तू आहेस ते. टेबल तुझं."

टकळी बाहेर पॅसेजमध्ये गेली आणि कचऱ्याच्या बादलीत ओकली.

नर खंड्या पुंगळीसकट पिशवीतच राहिला होता. आईने तो शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये वर बर्फाच्या कप्प्यात ठेवायला दिला. मटारच्या पिशवीशेजारी. काकूंनी तो आठवडाभर मटारची भाजी केली नाही.

आठव्या दिवशी बाबा घरी आले, आणि त्याच संध्याकाळी बंदुकांचा मिस्त्री आला. हा बाबांचा जुना दोस्त. शहरातल्या सगळ्या जुन्यापान्या बंदुका दुरुस्तीला त्याच्याकडेच यायच्या, आणि बाबांना 'पेंढोबा' म्हणायची हिंमत जगात त्याला एकट्याला होती. पोलिसांच्या कागदासाठी त्याने फाटलेली नळी तपासायला नेली होती.

"काय पेंढोबा, आता नमस्कार एकाच हाताने होय?" दारातूनच त्याने आवाज दिला, आणि मग खुर्चीवर बसला. फडक्यात गुंडाळलेली नळी त्याने टेबलावर ठेवली. केळीचं साल सोलावं तशी ती एका बाजूने उघडली होती.

"नळी जुनी झाली होती," बाबा म्हणाले.

"जुनी होती, पण गंज नव्हता. गंजाने गेली असती तर बुडाशी गेली असती. ही बघ कुठे फुटलीय. बुडापासून चार बोटं वर. आतून फुगलीय. पेंढोबा, ह्यात दोन बार होते. एकावर एक."

"एकच होता."

"अरे, लोखंड खोटं बोलत नाही."

"मग मी बोलतो का?"

मिस्त्रीने सुस्कारा टाकला आणि टकळीकडे बघितलं. "तू होतीस ना गं तिथे? तुझ्या नजरेतून माशीसुद्धा सुटत नाही. किती वेळा भरली?"

आई चहा घेऊन दारात उभी होती. बाबा टकळीकडे बघत होते, अगदी सरळ, न घाबरता.

"एकदा," टकळी म्हणाली.

मिस्त्रीने चहा प्यायला, कागदावर 'नळी जुनी' असं लिहिलं आणि गेला. जाताना त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

सकाळी काकूंनी पुंगळी आणून दिली. दुपारपर्यंत पक्षी मऊ झाला. बाबा खुर्चीत बसले, डावा हात उशीवर, पांढऱ्या गठ्ठ्यासारखा. टकळी त्यांच्या स्टुलावर बसली. वर्षभर तिने ह्या क्षणाची भाषणं तयार केली होती. आता तिच्याजवळ एकही नव्हतं.

"आधी फुंकर मार," बाबा म्हणाले. "छातीवर. पिसं दुभंगतील, कातडं दिसेल. हाडाच्या टोकापासून खाली चीर दे. कातडंच काप, पोट नको."

तिने फुंकर मारली. चीर दिली. चिरेतून ओल आली तशी तिने वर भुसा भुरभुरवला.

"सुरी कमी, नख जास्त. सोडव हळूहळू. गुडघा दिसला? आतूनच काप. दुसरा."

बाबांचा आवाज इथे अजून पूर्वीचाच होता. कातडं मांसापासून सुटताना ओलं फडकं सोलल्यासारखा बारीक आवाज येत होता. तिचे हात चांगले चालत होते. तेच तिला सहन होईना.

"बाबा, मी बघितलं होतं."

"काय?"

"तुम्ही दुसऱ्यांदा दारू ओतलीत ते. दोरा चार बोटं वर होता. मी बघितलं आणि बोलले नाही. मला टेबल हवं होतं."

बाहेर कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं. फुस्स, फुस्स. बाबा ते ऐकत असल्यासारखे बसले.

"दुसऱ्यांदा?" ते म्हणाले. "मी एकदाच भरली."

"नर पडल्यावर लगेच भरलीत. मग टोपी काढून खिशात ठेवलीत. मग परत..."

"नर पडल्यावर." त्यांनी ते शब्द चाचपून बघितले, अंधाऱ्या जिन्यावर पायाने पायरी शोधावी तसे. "नाही. नाही आठवत. मिस्त्रीला मी खोटं नाही सांगितलं, टकळे. मला खरंच एकदाच आठवतंय. आत्तासुद्धा."

नऊ दिवस ती बाबांच्या रागाची तयारी करून होती. थोबाडीत बसेल, चालती हो म्हणतील, काहीही. हे तिच्या तयारीत नव्हतं.

"असं कधीपासून होतंय?"

"वर्ष झालं असेल. जास्तही असेल. ते तरी मला कसं आठवणार?" आता ते हसले, आणि ते हसू बघवत नव्हतं. "तुझ्या आईला माहीत नाही. म्हणून तर मामाच्या पोराला बोलावत होतो. सगळं निसटायच्या आधी कुणाच्या तरी हातात देऊन टाकायचं होतं."

"मी होते ना! घरातच होते! मला का नाही सांगितलंत?"

"तू सगळ्यांना सांगितलं असतंस."

टकळीने मान खाली घातली. खंड्याचं अर्धं अंग आता उलटं झालं होतं, निळं आत आणि गुलाबी बाहेर. ते खरं होतं. तिने सगळ्यांना सांगितलं असतं. काकूंना, वर्गाला, दुधाच्या गाडीवाल्याला. आणि मग करंगळी खुंटीवरून कधी खाली आली नसती.

"कर पुढे," बाबा म्हणाले. "सुकेल ते."

तिने चिमटा उचलला. कातडं थोडं अजून मागे सरकवलं. भुसा टाकला. दोन्ही बाजूंनी ते शेपटीपर्यंत सुटलं. मग बाबा खुर्चीत जरा पुढे झाले, आणि त्याच जुन्या, ठाम, शिकवायच्या आवाजात म्हणाले,

"हं. आधी फुंकर मार. छातीवर. पिसं दुभंगतील, कातडं दिसेल."

तिचे हात थांबले. दारापलीकडे आई भांडी घासत होती. नुसतं 'हो बाबा' म्हटलं असतं तरी चाललं असतं. कुणाला काही कळलं नसतं, त्यांनाही नाही.

"बाबा," ती म्हणाली, "ते झालं. मघाशीच झालं. तुम्हीच सांगितलंत, मी केलं. आता आपण शेपटीपाशी आहोत."

बाबांनी टेबलाकडे बघितलं. उघड्या पडलेल्या पक्ष्याकडे बघितलं, मग तिच्या बोटांकडे, त्यांवर चिकटलेल्या भुशाकडे. त्यांचा उजवा हात डाव्या हाताच्या गठ्ठ्यावर जाऊन बसला.

"हो का," ते म्हणाले. आणि मग, हळूच, "मग आता पुढचं तू सांग. मी ऐकतो."

टकळीने घसा साफ केला. "शेपटीचं हाड आतून कापायचं," तिने सुरुवात केली. "पिसांची मुळं सांभाळून. मग कातडं वर ओढत न्यायचं, पायमोजा काढतो तसं."

बाबा लक्ष देऊन ऐकत होते. पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे.

"आणि मग?" त्यांनी विचारलं.

"मग पंख," ती म्हणाली, आणि सुरी उचलली.